डोंगर कागदावर कसा उतरतो? पर्वतीय प्रदेशाच्या स्थलनिर्देशक नकाशाची घडण

१. प्रस्तावना

रायपूरच्या बूढापारा भागात बूढा तलावाच्या काठावर उभे राहिले, तर चारही दिशांना डोळ्यात भरेल असा डोंगर दिसत नाही. शहर समुद्रसपाटीपासून सुमारे ३०० मीटर उंचीच्या सपाट मैदानावर वसलेले आहे. भारतीय सर्वेक्षण विभागाच्या १:५०,००० प्रमाणाच्या नकाशामालिकेत हा भाग ‘६४ जी/१२’ या पत्रकात येतो. पत्रक उघडले की वस्ती, तलाव, रस्ते, लोहमार्ग यांची गर्दी दिसते. उंची दाखवणाऱ्या तपकिरी रेषा मात्र तुरळक.

आता ‘४७ ई/१०’ हे पत्रक शेजारी ठेवा. यात महाराष्ट्रातील सर्वांत उंच शिखर, १,६४६ मीटर उंचीचे कळसूबाई आहे. इथे तपकिरी रेषांची इतकी दाटी आहे की काही ठिकाणी दोन रेषांमध्ये सुईचे टोकही मावणार नाही. दोन्ही कागद सारख्याच प्रमाणाचे आणि एकाच नियमाने काढलेले आहेत. मग दुसऱ्या कागदावर डोंगर आला कुठून? तो कोणी मोजला, कसा मोजला, आणि त्या रेषांवर किती विश्वास ठेवायचा?

प्रस्तुत पाठात आपण या प्रश्नांची उत्तरे क्रमाने पाहणार आहोत. त्यासाठी दहावीपर्यंतचे त्रिकोणमितीचे ज्ञान पुरेसे आहे.

२. पत्रकाचा क्रमांक कसा वाचावा?

प्रथम पत्ता समजून घेऊ. जुन्या मालिकेत भारत व आसपासचा प्रदेश ४ अंश × ४ अंशांच्या चौकटींत विभागला असून प्रत्येक चौकटीला एक क्रमांक दिला आहे. चौकट ६४ ही २०° ते २४° उत्तर अक्षांश व ८०° ते ८४° पूर्व रेखांश यांच्या दरम्यान येते. तिचे १ अंश × १ अंशाचे १६ भाग पडतात. त्यांना ‘ए’ पासून ‘पी’ पर्यंत अक्षरे आहेत. मोजणी वायव्य कोपऱ्यातून सुरू होते, स्तंभात वरून खाली येते आणि मग पुढच्या स्तंभाच्या माथ्यावर जाते. प्रत्येक भागाचे त्याच क्रमाने पुन्हा १६ भाग होतात. हा शेवटचा भाग १५ मिनिटे × १५ मिनिटांचा. तोच १:५०,००० प्रमाणाचा एक नकाशा.

बूढापारा साधारण २१° १४′ उत्तर व ८१° ३८′ पूर्व येथे आहे. २१° ते २२° आणि ८१° ते ८२° ही चौकट म्हणजे ‘जी’. त्यात ८१° ३०′ ते ८१° ४५′ हा तिसरा स्तंभ (क्रमांक ९ ते १२) आणि २१° ०′ ते २१° १५′ ही सर्वांत खालची ओळ, म्हणून क्रमांक १२. आपल्या गावाचे अक्षांश-रेखांश घेऊन हीच रीत करून पाहा.

रायपूरच्या अक्षांशावर अशा एका पत्रकात उत्तर-दक्षिण सुमारे २७.७ किमी आणि पूर्व-पश्चिम सुमारे २६ किमी जमीन मावते. एवढ्या जमिनीवरचा प्रत्येक बिंदू मोजणे अशक्य आहे. म्हणून नकाशाकार आधी थोडे बिंदू अत्यंत अचूक मोजतो आणि बाकीचे त्यांच्या आधाराने बसवतो. या थोड्या बिंदूंच्या जाळ्याला नकाशाचा सांगाडा म्हणू.

३. सांगाडा: एक बाजू आणि पुष्कळ कोन

जमिनीवर लांब अंतर मोजणे कष्टाचे आणि चुकांचे काम आहे, कोन मोजणे त्या मानाने सोपे. त्रिकोणीकरण या पद्धतीचा पाया एवढाच. एक आधाररेषा अतिशय काळजीपूर्वक मोजायची, तिच्या दोन टोकांवरून तिसरा बिंदू हेरायचा आणि कोन मोजायचे. बाकी दोन बाजू गणिताने मिळतात.

उदाहरण घेऊ. आधाररेषा १० किमी आहे. एका टोकाशी कोन ६०°, दुसऱ्या टोकाशी ७०°. म्हणून तिसऱ्या बिंदूशी कोन ५०°. ज्या (साइन) नियमानुसार,

६०° समोरची बाजू = १० × ज्या ६०° ÷ ज्या ५०° = ११.३१ किमी
७०° समोरची बाजू = १० × ज्या ७०° ÷ ज्या ५०° = १२.२७ किमी

आता या दोन बाजू पुढच्या त्रिकोणांच्या आधाररेषा होतात. अशी त्रिकोणांची साखळी शेकडो किलोमीटर नेता येते. शेवटी एखादी बाजू पुन्हा प्रत्यक्ष मोजून पडताळा घ्यायचा. गणिताने आलेली लांबी आणि मोजलेली लांबी जुळली, तर मधली साखळी विश्वासार्ह.

भारतात हे काम विल्यम लॅम्ब्टन यांनी १८०२ मध्ये मद्रासजवळ सेंट थॉमस माउंट येथे आधाररेषा मोजून सुरू केले. त्यांचा मोठा थिओडोलाइट सुमारे अर्धा टन वजनाचा होता. तो डोंगरमाथ्यांवर आणि मंदिरांच्या गोपुरांवर चढवावा लागे. १८०८ मध्ये तंजावरच्या मोठ्या मंदिरावर चढवताना तो आपटून त्याचे वर्तुळ वाकले, आणि लॅम्ब्टन यांनी ते स्वतः बसून दुरुस्त केले. ७८° रेखांशाच्या आसपास दक्षिणोत्तर जाणारी ही साखळी पुढे ‘महाकंस’ म्हणून प्रसिद्ध झाली.

मराठी वाचकाला या कथेतला एक मुक्काम जवळचा आहे. हैदराबादहून नागपूरकडे जात असताना लॅम्ब्टन यांचा २० जानेवारी १८२३ रोजी वर्धा जिल्ह्यातील हिंगणघाट येथे मृत्यू झाला. त्यांची कबरही तिथेच आहे. त्यानंतर जॉर्ज एव्हरेस्ट यांनी साखळी वऱ्हाडातून मध्य भारतातील सिरोंजपर्यंत व पुढे देहरादूनपर्यंत नेली. ज्यांच्या नावाने जगातले सर्वोच्च शिखर ओळखले जाते त्यांचे नाव सर्वांना ठाऊक असते. ज्यांनी पहिली बाजू मोजली ते हिंगणघाटला विसावले, हे फारच थोड्यांना ठाऊक असते. ज्या खलाशांनी ते अर्ध्या टनाचे यंत्र उचलले आणि गोदावरीच्या खोऱ्यातील जंगलात तापाने आजारी पडले, त्यांची तर नावेही नकाशावर नाहीत.

एक गोष्ट लक्षात घ्या. त्रिकोणीकरणाला डोंगर अडथळा नसतो, उलट तो सोय असतो. उंच माथ्यावरून दूरचे दिसते. गंगेच्या मैदानात एव्हरेस्ट यांना दूरचे दिसावे म्हणून विटांचे उंच मनोरे बांधावे लागले. सह्याद्रीत ते काम शिखरांनीच केले असते.

४. दुरून उंची कशी मोजतात?

क्षैतिज अंतर कळले की उंची काढणे सोपे वाटते: अंतराला उन्नत कोनाच्या स्पर्शज्येने गुणायचे. समजा, आपल्यापासून २० किमी अंतरावरचे शिखर २° ३०′ उन्नत कोनात दिसते. २०,००० × ०.०४३६६ = ८७३ मीटर. पण हे उत्तर अपुरे आहे.

पृथ्वी गोल आहे. २० किमी अंतरावर जमीन आपल्या क्षितिजपातळीच्या सुमारे ३१ मीटर खाली गेलेली असते, म्हणजे शिखर आपल्याला तेवढे बुटके दिसते. दुसरीकडे, हवेच्या थरांतून येताना प्रकाशकिरण किंचित वाकतो. या अपवर्तनामुळे शिखर आहे त्यापेक्षा साधारण ४.५ मीटर उंच दिसते. दोन्हींचा एकत्रित परिणाम सरासरी हवामानात पुढील सूत्राने काढतात:

दुरुस्ती (मीटर) = ०.०६७ × (अंतर किमीमध्ये)²

इथे ०.०६७ × ४०० = सुमारे २७ मीटर. म्हणून शिखर आपल्या जागेपेक्षा ८७३ + २७ = ९०० मीटर उंच. दुरुस्ती विसरलात तर शिखर २७ मीटर ठेंगणे होईल.

अंतर वाढले की ही दुरुस्ती वर्गाने वाढते. १०० किमी अंतरावर ती ६७० मीटरच्या घरात जाते, आणि अपवर्तनातली थोडी चूकही मोठी होते. हिमालयाची शिखरे शंभराहून अधिक मैलांवरून मोजली गेली. राधानाथ सिकदार आणि त्यांच्या गणकांनी त्या निरीक्षणांवर केलेल्या आकडेमोडीतून ‘शिखर १५’ची उंची २९,००२ फूट आली. १९५० च्या दशकात भारतीय सर्वेक्षण विभागाने ती ८,८४८ मीटर ठरवली, आणि २०२० मध्ये नेपाळ व चीन यांनी ८,८४८.८६ मीटर जाहीर केली. २९,००२ फूट म्हणजे सुमारे ८,८४० मीटर. त्या काळाची साधने आणि ते अंतर पाहता ही जवळीक थक्क करणारी आहे.

५. उंचीचे शून्य कुठे असते?

“कळसूबाई १,६४६ मीटर उंच” या वाक्यात ‘कशापासून?’ हा प्रश्न दडलेला आहे. उत्तर आहे: सरासरी समुद्रसपाटीपासून. किनाऱ्यावरील भरती-ओहोटीच्या अनेक वर्षांच्या नोंदींवरून ही पातळी ठरवतात. मग पाणसळीचा उपयोग करून, टप्प्याटप्प्याने, ती देशाच्या आतल्या भागात नेतात. एका दांड्यावरचे वाचन वजा दुसऱ्या दांड्यावरचे वाचन म्हणजे एका टप्प्यातला उंचीचा फरक. वाटेत पक्क्या जागी तलचिन्हे कोरतात.

नागपूरचा ‘झिरो माइल’ अनेकांनी पाहिला असेल. तो देशाचा मध्यबिंदू म्हणून प्रसिद्ध आहे. त्याची सर्वेक्षणातली ओळख मात्र वेगळी: १९०७ मध्ये उभारलेले ते उंचीचे प्रमाणित तलचिन्ह आहे. तिथली उंची समुद्रसपाटीपासून सुमारे १,०२० फूट, म्हणजे ३११ मीटर. समुद्रापासून शेकडो किलोमीटर दूर असलेल्या विदर्भात समुद्राची पातळी अशी दगडावर येऊन बसली.

इथे डोंगर एक खोडी करतो. पाणसळ काय किंवा ओळंबा काय, दोघेही गुरुत्वाकर्षणावर चालतात. मोठा पर्वत ओळंब्याला आपल्याकडे किंचित ओढतो. मध्य भारतातील कल्याणपूर आणि उत्तरेकडील कलियाना या दोन ठिकाणांच्या अक्षांशांतला फरक त्रिकोणीकरणाने एक आला आणि ताऱ्यांच्या निरीक्षणाने दुसरा. तफावत होती ५.२३६ सेकंदांची, म्हणजे जमिनीवर सुमारे १६० मीटर. कलकत्त्याचे आर्चडीकन जॉन प्रॅट यांनी हिमालयाच्या वस्तुमानावरून गणित केले, तेव्हा ही तफावत १५.८८५ सेकंद असायला हवी होती. म्हणजे हिमालय जेवढे ओढायला हवे तेवढे ओढत नव्हता. १८५५ मध्ये जॉर्ज एअरी यांनी सुचवले की पर्वताखाली हलक्या खडकाचे खोल मूळ असावे. भूसंतुलनाचा जो सिद्धांत तुम्ही भूरूपशास्त्रात शिकता, त्याचा उगम नकाशाच्या एका न जुळलेल्या आकड्यात आहे.

आज उपग्रहांवरून उंची मिळते, पण तीही जपून वापरावी लागते. उपग्रह-यंत्रणा मुळात पृथ्वीच्या गणिती लंबगोलापासूनची उंची देते. समुद्रसपाटीचा खरा पृष्ठभाग, म्हणजे भूमाभ, या लंबगोलाशी जुळत नाही. भारतात तो लंबगोलाच्या कित्येक मीटर खाली आहे, आणि भारताच्या दक्षिणेला हिंदी महासागरात तर १०० मीटरहून अधिक खाली. म्हणून

समुद्रसपाटीपासूनची उंची = लंबगोलापासूनची उंची − भूमाभाची उंची

भूमाभाची उंची ऋण असल्याने ती वजा करताना प्रत्यक्षात मिळवली जाते. ही पायरी गाळली तर सगळा डोंगर एकदम खाली खचल्यासारखा दिसेल.

६. समोच्च रेषा: डोंगराला पाण्यात बुडवून पाहा

सांगाडा आणि उंचीचे शून्य मिळाले. आता डोंगराचा आकार. कल्पना करा, डोंगराच्या पायथ्याशी पाणी चढत आहे आणि दर २० मीटरला थांबत आहे. प्रत्येक वेळी पाण्याच्या काठाने एक रेघ ओढली, तर त्या समोच्च रेषा झाल्या. एका रेषेवरचे सर्व बिंदू सारख्या उंचीचे असतात. दोन लगतच्या रेषांमधील उंचीचा फरक म्हणजे समोच्च रेषांतर. १:५०,००० पत्रकांत डोंगराळ भागासाठी ते साधारणतः २० मीटर असते. समासात दिलेला आकडा नेहमी वाचून घ्यावा.

प्लेन टेबलच्या काळात सर्वेक्षक तिवईवरच्या फळीला कागद लावून डोंगरावर बसे, ज्ञात शिखरांवरून आपली जागा काढे, काही बिंदूंच्या उंची मोजे आणि समोरचा डोंगर पाहत पाहतच रेषा ओढे. दोन मोजलेल्या बिंदूंमधली रेषा कुठून न्यायची हे त्याचा डोळा ठरवी. सोंड ओळखणारा सर्वेक्षक आणि न ओळखणारा सर्वेक्षक यांच्या रेषा त्याच बिंदूंवरून वेगळ्या निघत.

रेषा वाचण्याचे तीन नियम लक्षात ठेवा. सोंडेवर रेषेचे टोक उताराच्या दिशेने, खाली वळते. घळीत ते चढाच्या दिशेने, वर वळते. दोन उंच भागांमध्ये रेषा दोन्ही बाजूंनी आखडल्या तर ती खिंड. आणि रेषा जितक्या जवळ, तितका उतार तीव्र.

तिसऱ्या नियमाला आकडे देऊ. १:५०,००० प्रमाणात १ मिमी म्हणजे ५० मीटर. रेषांतर २० मीटर धरले तर,

रेषा २ मिमी अंतरावर: उतार सुमारे ११°
रेषा १ मिमी अंतरावर: सुमारे २२°
रेषा ०.५ मिमी अंतरावर: सुमारे ३९°
रेषा ०.२५ मिमी अंतरावर: सुमारे ५८°

शेवटच्या ओळीत छपाईची मर्यादा आली. याहून तीव्र उतारावर रेषा एकमेकींत मिसळतात. तिथे सर्वेक्षक रेषा सोडून कड्याचे चिन्ह काढतो.

७. नकाशा जिथे गप्प राहतो

आता या पाठातला सर्वांत महत्त्वाचा मुद्दा. सह्याद्री बेसॉल्टच्या जवळजवळ आडव्या थरांनी बनलेला आहे. कठीण थराचा उभा कडा होतो, मऊ किंवा झिजलेल्या थराची सपाट पायरी होते. किल्ल्यांच्या माच्या अशाच पायऱ्यांवर वसल्या आहेत. म्हणजे सह्याद्रीचा उतार एकसारखा नसतो, तो जिन्यासारखा असतो.

समजा, ६०५ मीटरपासून ६३५ मीटरपर्यंत एक उभा कडा आहे: ३० मीटर, साधारण दहा मजली इमारतीएवढा. त्याच्या खाली आणि वर सौम्य पायरी आहे, जिचा उतार दर १० मीटरला १ मीटर. नकाशावर काय दिसेल?

६०० मीटरची रेषा कड्याच्या पायापासून ५० मीटर दूर.
६२० मीटरची रेषा नेमकी कड्यावर.
६४० मीटरची रेषा कड्याच्या माथ्यापासून ५० मीटर दूर.

म्हणजे तीन रेषा, एकमेकींपासून १ मिमी अंतरावर. वरच्या कोष्टकाप्रमाणे हा २२° चा उतार: चढायला दमवणारा, पण चालत जाता येईल असा. प्रत्यक्षात तिथे दोरावाचून उतरता न येणारा कडा आहे. कोणतीही रेषा चुकलेली नाही. तीनही उंची बरोबर आहेत. तरीही संध्याकाळी वाट चुकलेल्या गिर्यारोहकाने फक्त या तीन रेषांवर विसंबून “इथून सरळ खाली उतरू” असे ठरवले, तर त्याचा जीव धोक्यात येईल.

सामान्य नियम असा: समोच्च रेषांतराच्या दुपटीपेक्षा कमी उंचीचा कडा केवळ रेषांमधून ओळखता येईलच असे नाही. रेषांतर २० मीटर असेल तर ४० मीटरपर्यंतचे कडे लपू शकतात. म्हणूनच कड्याचे चिन्ह महत्त्वाचे, आणि ते चिन्ह काढण्यासाठी जागेवर जाणारा माणूसही महत्त्वाचा. आकड्यांवरून संगणकाने आपोआप काढलेल्या रेषांमध्ये ते चिन्ह नसते. हरिश्चंद्रगडाच्या कोकणकड्यासारखी आत वळलेली भिंत तर समोच्च रेषांच्या भाषेत मुळात बसतच नाही, कारण तिथे एकाच जागेला दोन उंची असतात.

८. खडकाचे चित्र

ही उणीव युरोपातील नकाशाकारांना फार पूर्वी जाणवली होती. १७९९ मध्ये सॅक्सनीच्या योहान गेओर्ग लेमान यांनी उताराच्या दिशेने बारीक रेघा ओढण्याची शास्त्रशुद्ध पद्धत मांडली: उतार जितका तीव्र तितक्या रेघा जाड. स्वित्झर्लंडच्या १:१,००,००० प्रमाणाच्या द्युफूर नकाशात (१८४५ ते १८६४) या रेघांना तिरक्या प्रकाशाची जोड दिली गेली. विसाव्या शतकात एडुआर्ट इमहोफ यांनी समोच्च रेषा, छायांकन आणि हाताने काढलेले खडक यांचा मेळ घालण्याचे शास्त्रच उभे केले. १९८८ मध्ये ब्रॅडफर्ड वॉशबर्न यांच्या पुढाकाराने एव्हरेस्ट परिसराचा १:५०,००० प्रमाणाचा नकाशा नॅशनल जिऑग्राफिकने प्रसिद्ध केला. त्याचे चित्रण स्विस नकाशाकारांनी केले होते.

छायांकनात प्रकाश बहुधा वायव्येकडून, म्हणजे डावीकडून वरून येतो असे मानतात. भारतात भर दुपारी सूर्य सहसा वायव्येला नसतो. मग असे का? कारण आपल्या डोळ्यांना उजेड वरून येण्याची सवय आहे. प्रकाश खालून दाखवला, तर दरी धारेसारखी आणि धार दरीसारखी दिसू लागते. उपग्रहांची छायाचित्रे बहुतेक सकाळी, सूर्य आग्नेयेकडे असताना घेतलेली असतात. त्यामुळे त्यांत हा भ्रम नेहमी होतो. असे झाले तर चित्र उलटे फिरवून पाहा. दरी पुन्हा दरी होईल.

९. आजची पद्धत आणि झाडांचे माथे

एक डोळा मिटून समोर बोट धरा. मग तो उघडून दुसरा मिटा. बोट सरकल्यासारखे वाटते. जवळची वस्तू जास्त सरकते, दूरची कमी. विमानातून किंवा उपग्रहातून एकाच डोंगराची दोन कोनांतून छायाचित्रे घेतली, तर माथा जास्त सरकतो आणि पायथा कमी. या सरकण्यावरून उंची काढतात. २००५ मध्ये इस्रोने सोडलेल्या कार्टोसॅट-१ या उपग्रहावर याच हेतूने दोन कॅमेरे होते, एक पुढे झुकलेला आणि एक मागे. त्याआधी फेब्रुवारी २००० मध्ये अमेरिकेच्या अंतराळयानाने ११ दिवसांत रडारने बहुतांश भूभागाच्या उंची टिपल्या होत्या.

या पद्धती वेगवान आहेत, पण त्या वरून जे दिसते तेच मोजतात. छत्तीसगडच्या साल वनात वरून दिसतात ते झाडांचे माथे. झाड २० मीटर उंच असेल, तर एक संपूर्ण समोच्च रेषांतर एवढी चूक जंगलाच्या कडेला उभी राहते, आणि जिथे जंगल संपते तिथे नसलेला कडा नकाशावर दिसतो. म्हणून ‘पृष्ठभागाचे प्रारूप’ आणि ‘भूमीचे प्रारूप’ यांत फरक करतात. लायडार पद्धतीत लेसरचे काही किरण पानांमधल्या फटींतून जमिनीपर्यंत पोहोचून परततात, त्यामुळे जमिनीची खरी उंची मिळू शकते.

आणि एक गोष्ट कोणताही उपग्रह देऊ शकत नाही: नाव. छत्तीसगडीत ‘पारा’ म्हणजे वस्ती. महाराष्ट्रात आदिवासी भागात ‘पाडा’ म्हणतात तसा. बूढापाऱ्याच्या तलावाला आता विवेकानंद सरोवर हे नावही आहे, पण रायपूरकराला विचाराल तर तो बूढा तलावच म्हणेल. नकाशावर कोणते नाव लिहायचे? बस्तरच्या बैलाडिला डोंगराचे नाव बैलाच्या वशिंडावरून पडले. ते नाव ऐकल्यावर त्याची धार कशी दिसत असेल याचा अंदाज येतो. सरगुजा-जशपूरकडे ‘पाट’ म्हटले की माथा सपाट असणार हे समजते. घळ, सोंड, सुळका, खिंड, माची हे आपले शब्दही तेच काम करतात. नाव चुकीचे लिहिले, तर हे ज्ञान पुसले जाते.

१०. नकाशावर काय अवलंबून असते?

३० जुलै २०१४ रोजी सकाळी पुणे जिल्ह्यातील आंबेगाव तालुक्यात माळीण गावावर डोंगर कोसळला आणि दीडशेहून अधिक माणसे गेली. १९ जुलै २०२३ च्या रात्री रायगड जिल्ह्यात इर्शाळगडाच्या पायथ्याच्या इर्शाळवाडीवर दरड कोसळली. तिथे गाडीरस्ता नसल्याने बचाव पथकांना पावसात डोंगर चढून जावे लागले.

दरड कोसळण्याची कारणे अनेक असतात: पाऊस, मातीची जाडी, खडकाची झीज, उतार, जमिनीचा वापर. यांपैकी उतार हा घटक थेट समोच्च रेषांमधून मिळतो. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण विभागाने देशभरातील दरडप्रवण भागांचे १:५०,००० प्रमाणावर नकाशे केले आहेत. कोणत्या डोंगररांगेकडे लक्ष द्यायचे हे त्यांवरून कळते. पण या प्रमाणात १०० मीटर रुंदीची दरड फक्त २ मिमी दिसते. एका वाडीतली कोणती दहा घरे हलवायची, हे २ मिमीवरून ठरवता येत नाही. १:५,००० प्रमाणात तीच दरड २ सेंमी होते, आणि घरामागची घळ स्वतंत्र दिसू लागते. योग्य प्रश्नाला योग्य प्रमाणाचा नकाशा लागतो. ते प्रमाण हाती नसेल, तर जागेवर जाऊन पाहणे हाच उपाय.

२००५ च्या राष्ट्रीय नकाशा धोरणानुसार सर्वसामान्यांसाठी ‘खुली मालिका’ उपलब्ध झाली, आणि २०२१ च्या मार्गदर्शक तत्त्वांनी भारतीयांना भूस्थानिक माहिती गोळा करण्यास व वापरण्यास बरीच मोकळीक दिली. एके काळी विद्यार्थ्याला डोंगराळ सीमाभागाचे पत्रक मिळणेही कठीण होते. आता खुल्या मालिकेचे पत्रक सर्वेक्षण विभागाच्या पोर्टलवरून मिळू शकते. वाचण्याची जबाबदारी मात्र आपली.

११. सारांश

पर्वताचा नकाशा चार थरांनी बनतो: त्रिकोणांचा सांगाडा, समुद्रसपाटीचे शून्य, समोच्च रेषांचा आकार, आणि जागेवर जाऊन टिपलेली चिन्हे व नावे. पहिले तीन थर गणिताचे आहेत, चौथा पायी चालण्याचा. पहिल्या तिघांपैकी एकही चुकलेला नसताना चौथ्याच्या अभावी नकाशा फसवू शकतो, हे आपण ३० मीटरच्या कड्यावरून पाहिले.

१२. स्वाध्याय

१. आपल्या गावाच्या अक्षांश-रेखांशांवरून १:५०,००० पत्रकाचा क्रमांक काढा.
२. १५ किमी अंतरावरचे शिखर ३° उन्नत कोनात दिसते. वक्रता व अपवर्तन यांच्या दुरुस्तीसह त्याची सापेक्ष उंची काढा. (उत्तर: सुमारे ८०१ मीटर)
३. समोच्च रेषांतर १० मीटर असेल, तर केवळ रेषांमधून न ओळखता येणारा कडा जास्तीत जास्त किती उंचीचा असू शकेल? विभाग ७ प्रमाणे आकृती काढून दाखवा.
४. आपल्या परिसरातील एखाद्या टेकडीची, घळीची किंवा तलावाची स्थानिक नावे वयस्कर रहिवाशांना विचारून लिहा आणि नकाशावरील नावांशी ताडून पाहा.